माळ्यावरची खुर्ची

गोथेनबर्गहून निघालेली गाडी बोरोस मागे टाकते आणि खिडकीबाहेर रान सुरू होतं. पाइन, स्प्रूस, मधूनच शेताच्या कडेला रचलेले दगडी बांध. पुढे लागतो दक्षिण स्वीडनचा स्मोलांद प्रांत. खडकाळ जमीन, त्यात पिकणार किती? लाकूड मात्र मुबलक. त्यामुळे इथल्या हातांना रंधा पिढ्यान्‌पिढ्या सवयीचा. मी निघालो होतो लागान नदीकाठच्या वॅर्नामोला, खुर्च्या घडवणाऱ्या ब्रुनो माथ्सोन यांच्या गावी.

कधीकाळी गोथेनबर्गहूनच त्यांच्यासाठी पुस्तकं यायची. ब्रुनो १९०७ साली पिढीजात सुताराच्या घरात जन्मले. हात तयार झाला वडील कार्ल यांच्या कारखान्यात. बाकीचं शिक्षण गोथेनबर्गच्या रोस्का संग्रहालयाकडून मागवलेल्या पुस्तकांवर.

१९३१ साली त्यांनी गावच्या इस्पितळासाठी एक खुर्ची केली. गादीच्या खुर्चीत तेव्हा तळाला पट्टे, वर स्प्रिंगा, त्यावर भरण आणि मग कापड असे. ब्रुनोंनी स्प्रिंगा नि भरण काढून टाकलं आणि तळाशी झाकून राहणारे तागासारखे जाडेभरडे पट्टेच उघडे विणले. इस्पितळातल्या लोकांना ती कुरूप वाटली. ‘नाकतोडा’ म्हणून आज ओळखली जाणारी ही खुर्ची तेव्हा माळ्यावर गेली.

ब्रुनो हटले नाहीत. बसलेल्या पाठीचा नेमका बाक कळावा म्हणून ते बर्फाच्या ढिगात बसले आणि उमटलेला ठसा न्याहाळत राहिले, असं सांगतात. १९३४ची ‘एवा’ ही खुर्ची हे त्या ध्यासाचं फळ.

वॅर्नामोत त्यांनी १९५० साली बांधलेलं काचेचं प्रदर्शनगृह बघितलं आणि मग ‘एवा’त बसलो. पट्ट्यांनी अंग अलगद झेललं. आजोळच्या नवारीच्या बाजेची आठवण झाली. पण बाजेला मधोमध झोळ पडतो; ही खुर्ची कमरेखाली हात धरते. पाठ टेकली आणि प्रवासाचा शीण उतरला. इतकं साधं, इतकं विचारपूर्वक केलेलं काम मी क्वचित पाहिलं आहे.

पुस्तकं आली त्याच वाटेने १९३६ साली खुर्च्या उलट गेल्या: रोस्का संग्रहालयातच त्यांचं प्रदर्शन भरलं. पुढच्या वर्षी पॅरिसचं जागतिक प्रदर्शन. १९३९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या नव्या इमारतीसाठी त्यांच्या खुर्च्या मागवल्या. महायुद्धात पट्ट्यांचा धागा मिळेना, तेव्हा ब्रुनोंनी पिळलेल्या कागदाचे पट्टे वापरले, पण खुर्च्या थांबवल्या नाहीत.

वॅर्नामोला गेलात तर या खुर्च्या नुसत्या पाहून परतू नका. परवानगी विचारा आणि बसा.