लाल तार, काळी तार

गणेशगुडीस येणारा पाहुणा प्रथम सुपा धरण पाहावयास जातो. काळी नदीवर १९८७ साली पूर्ण झालेली ती १०१ मीटर उंचीची भिंत, तिच्यामागे पसरलेले अथांग पाणी आणि १०० मेगावॅट शक्तीचे वीजगृह, ही सारी शोभा खरोखरच पाहण्यासारखी आहे. परंतु आज आम्ही वाचकांपुढे जी वस्तू मांडणार आहोत, ती आगपेटीतही सहज मावेल. ती म्हणजे बिनतारी संचास वीज पोहोचविणारा दोन पिनांचा प्लग.

आमच्या काकांना बिनतारीचा छंद आहे. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविणाऱ्या अशा हौशी मंडळींस जगभर ‘हॅम’ म्हणतात. २००१ साली भुजच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले, तेव्हा याच मंडळींनी निरोप पोहोचविले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम बाई अंदमानातच होत्या. त्यांच्या संचावरून कितीतरी कुटुंबांस आपल्या माणसांची खुशाली कळली. ही हकीकत काकांच्या तोंडून ऐकल्यापासून आम्हां दोघां भावंडांसही त्या संचाचे वेड लागले.

काकांचा संच मोटारीत बसवावयाचा आणि जुना विकत घेतलेला. त्याच्यासोबत वीज घेण्याची मूळची तार नव्हती. काकांनी दुकानातून मिळाली ती बारीक तार कशीबशी पिनांना गुंडाळली, मोटारीची बॅटरी पडवीत ठेवली आणि संच माजघरात मांडला. दांडेलीच्या स्नेह्यांचा आवाज खणखणीत येऊ लागला. आम्हांला वाटले, काम फत्ते झाले!

गेल्या आषाढातली एक रात्र मात्र आम्ही जन्मभर विसरणार नाही. पाऊस धो धो कोसळत होता. वीज गेलेली, फोन मुके झालेले, आणि रस्त्यावर झाड पडलेले. अशा वेळी शेजारच्या आजींना धाप लागली. काकांनी संच लावला. दांडेलीचे स्नेही पलीकडून विचारीत होते, “गणेशगुडीचे काय वर्तमान आहे?” काकांनी बोलण्याची कळ दाबली, तोच संचाचा दिवा मालवला. कळ सोडली, दिवा पुन्हा लागला. पुन्हा दाबली, पुन्हा अंधार! आम्हांला सारे ऐकू येत होते, पण एक शब्दही बोलता येत नव्हता. शेवटी शेजाऱ्यांनी आजींना खुर्चीत बसवून पडलेल्या झाडापलीकडे नेले आणि तेथून वाहन मिळेतो दोन तास गेले. आजी वाचल्या, परंतु ते दोन तास आमच्या मनातून जात नाहीत. निरोप गेला असता, तर वाहन झाडापाशी आधीच येऊन उभे राहिले असते.

दुसऱ्या दिवशी काकांनी आम्हांपुढे पाटी ठेवली. “पोरांनो, चूक कोठे झाली ते तुम्हीच शोधा.” ऐकताना संच अर्धाच अँपिअर वीज घेतो, बोलताना दहा. बॅटरीपासून संचापर्यंत अंतर चार मीटर, पण वीज जाते तशी परतही येते, म्हणून तार आठ मीटर धरावयाची. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१८ ओहम. आठ मीटरांचा ०.१४४ झाला. दहाने गुणता जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच नाहीसे! बॅटरीचे १२.४ व्होल्ट संचापाशी अकराच्या आत आले, आणि त्या संचास निदान ११.७ हवे होते. शिवाय गुंडाळलेल्या पिना सैल आणि दमट हवेने हिरव्या पडलेल्या. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली असती, तर घट एक तृतीयांश व्होल्टाहून थोडीच अधिक झाली असती. वर्गात ओहमचा नियम आम्ही घोकला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

मग योग्य प्लगाचा शोध सुरू झाला. त्याच्या दोन पट्ट्यांपैकी एक आडवी, एक उभी. दोन्ही मिळून इंग्रजी ‘टी’ अक्षराचा आकार होतो, म्हणून तो उलटा बसूच शकत नाही. गावात तो मिळाला नाही, दांडेलीत नाही. अखेर बेळगावास एका दुकानी तारेसह मिळाला. आम्ही आनंदाने जोडावयास निघालो, तोच काकांनी हात धरला. “आधी मीटर लावा.” मीटर लावला, तो काय! प्लग उलटा बसत नव्हता हे खरे, पण जोडणाऱ्यानेच लाल तार काळीच्या जागी लाविली होती. तपासले नसते, तर संच जळण्याचीच भीती होती.

तार आम्ही नव्याने जोडली. टोकांवर पितळी टोपणे पक्कडीने घट्ट आवळली आणि एकेक तार ओढून पाहिली. दोन्ही तारांवर पंधरा अँपिअरचे फ्यूज बसविले, तेही संचाजवळ नव्हे, बॅटरीजवळ. कारण मध्येच तारा एकमेकींस चिकटल्या, तर पेट घेते ती त्यांच्यामधली तारच.

सायंकाळी काकांनी कळ दाबली. दिवा लागलेलाच राहिला. दांडेलीहून उत्तर आले, “स्पष्ट ऐकू येते. आजींची प्रकृती कशी आहे?” काकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही शेजारी धावत गेलो आणि आजींनाच विचारून आलो.