तीनशेचे साडेचारशे



आठवीला ‘चलन’ शिकवताना कामगार आणि दिवस, वेग आणि वेळ ही उदाहरणं मुलांना पाठच असतात. म्हणून यंदा मी वर्गात एक जुना प्रोसेसर नेला. इंटेलचा सेलेरॉन ३००ए, १९९८ सालचा. भंगारवाल्याकडे असे दोन मिळाले, सोबत अबिट बीएच६ मदरबोर्ड. हौशी मंडळींत ही जोडी त्या काळी फार गाजली होती.

त्यामागचं गणित सोपं आहे. बोर्डावरचं घड्याळ सेकंदाला साधारण ६६ दशलक्ष ठोके देतं, म्हणजे ६६ मेगाहर्ट्झ. प्रोसेसर त्याला साडेचारने गुणतो. ६६.६७ गुणिले ४.५, झाले ३००. हा साडेचार कंपनीने कुलूपबंद केलेला, त्याला हात लावता येत नाही. पण बोर्डाचा ठोका बदलता येतो. तो १०० केला की ४५०! यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पूर्वी त्यासाठी बोर्डावरचे जंपर हलवावे लागत. बीएच६ मध्ये बायोसच्या मेनूतच आकडा निवडता येतो.

४५० चा पेंटियम २ तेव्हा बराच महाग होता. त्याचा ५१२ केबी कॅश निम्म्या वेगाने चाले. या स्वस्त चिपमध्ये जेमतेम १२८ केबी, पण चिपच्या आतच आणि पूर्ण वेगाने. त्यामुळे बऱ्याच कामांत ती महागड्या भावाच्या बरोबरीने धावे.

खरी मजा पुढे आली. एक मुलगी म्हणाली, “बाई, एकदम १०० नको. आधी ८३ करून बघू.” सगळ्या वर्गाला पटलं. मी संगणक चालू न करता खडू तिच्या हातात दिला. साउंड कार्ड, हार्ड डिस्क वगैरे ज्या पीसीआय बसवर अवलंबून असतात, तिला ३३ चा ठोका लागतो. बोर्ड ६६ ला २ ने भागतो आणि १०० ला ३ ने, दोन्हीकडे ३३ च. आणि ८३ ला? आमच्या बोर्डावर भाजक २ च. उत्तर आलं ४१.५. म्हणजे प्रोसेसर बिचारा ठीक राहील, पण डिस्कवरची माहिती बिघडायची शक्यता. मधला आकडा मोठ्या आकड्यापेक्षा धोक्याचा! हळूहळू वाढवलं की सुरक्षित, हे आपण मोठी माणसंही न तपासता धरून चालतो.

मग उष्णता. ती ठोक्यांच्या समप्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्याही. २ व्होल्टच ठेवले तर दीडपट. २.२ केले तर आणखी १.२१ ने गुणायचं, म्हणजे सुमारे १.८ पट. मुलांनी पंखा मोठा लावायला सांगितला, मला सांगावं लागलं नाही.

एक चिप ४५० वर दोन दिवस न अडखळता चालली. दुसरी विंडोज ९८ चे ढग दाखवून तिथेच थांबली. “मग ही खराब आहे का, बाई?” नाही रे. दोन्हींवर ३०० च छापलंय आणि ३०० ती बिनतक्रार देते. तेवढंच कंपनीने कबूल केलेलं.

पालकसभेत हे सांगितलं तेव्हा एक वडील हसत म्हणाले, “आमच्या पोरालाही न्या की ४५० वर!” सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण तो मुलगा पहिल्या तासाला पेंगतो. मी विचारलं, “झोपतो किती वाजता?” ते गप्प. आई म्हणाली, “बारा वाजतात. पहाटे परत क्लास.” मी पुढे काही बोलले नाही. पहाटेचा क्लास आता बंद झालाय, असं तो सांगतो. संध्याकाळचा अजून चालू आहे.

कुणाला शाळेत हा प्रयोग करायचा असेल तर डिस्क रिकामी लावा आणि फुगलेल्या कपॅसिटरचा बोर्ड घेऊ नका. आकडा बदलल्यावर संगणक चालूच झाला नाही तर घाबरू नका. इन्सर्टचं बटण दाबून धरून चालू करा, बहुतेक वेळा मूळ आकड्यावर येतो. आमची दुसरी चिप ३०० वर ग्रंथालयात बसवली आहे, पुस्तकांची यादी तिच्यावरच चालली आहे.