बिऱ्हाड मोडल्यानंतर

औंध, जि. सातारा
५ एप्रिल १९६४

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पुण्याचे बिऱ्हाड अखेर मोडले. किल्ल्या घरमालकांच्या हवाली केल्या, भाड्याची शेवटची पावती घेतली, विलायतेस न्यावयाच्या ट्रंका हुंडेकऱ्यामार्फत मुंबईस रवाना केल्या, आणि मी, सौ. व चि. बाळ असे तिघे छोट्या गाडीने रहिमतपुरास उतरून काल सायंकाळी येथे पोचलो. बोटीस अवकाश आहे तर थेट नाशकास येऊन न राहता गावोगाव का हिंडता, असे आपण मागील पत्री विचारले होते. त्याचा खुलासा सविस्तर करणे माझे कर्तव्य आहे.

बोटीचे भाडे येथे रुपयांत भरता येते. परंतु परकी चलनाची सरकारी गंगाजळी आटली असल्याने प्रवाशास बरोबर अवघे तीन पौंड, म्हणजे सध्याच्या दराने चाळीस रुपये, नेण्याची मुभा आहे. देशाची अडचण खरी असल्यामुळे या नियमाविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्याचा परिणाम असा, की चौदा वर्षांच्या संसारातील चीजवस्तू विकून जी रक्कम हाती आली, ती लंडनात आमच्या काडीच्याही उपयोगाची नाही. तिचा मोठा हिस्सा बँकेत ठेवला. उरलेल्या रकमेचे काय करावे याचा विचार करीत असता एके रात्री सौ. म्हणाली, की ज्या मुलखाचा भूगोल तुम्ही इतकी वर्षे शाळेत शिकविला, तो आपण उभयतांनी पाहिला आहे तरी किती? त्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि प्रवासाचा निश्चय त्याच रात्री झाला.

विक्रीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पलंग, टेबल व आरशाचे कपाट एका दलालाने एकगठ्ठा नेले, आणि त्याबद्दल विशेष काही वाटले नाही; लाकडी सामानात माणसाचा जीव फारसा गुंतत नसावा. पुस्तके अप्पा बळवंत चौकात गेली. खरी परीक्षा झाली ती तांब्यापितळेच्या भांड्यांची. आपणांस ठाऊकच आहे, की आपल्या घरांतून भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. हंड्यावर सौभाग्यवतीच्या आजोळचे, परातीवर मावशीचे, पितळी डब्यांवर लग्नात आहेर करणाऱ्या सोयऱ्यांचे, अशी सर्व गोतावळ्याची नावे, बारीक ठिपक्याला ठिपका जोडून उठविलेल्या त्या अक्षरांत, खाली तिथी वा सन घालून, आमच्या फडताळात वर्षानुवर्षे नांदत होती. तांबट आळीत चौकशी केली, तेव्हा जुन्या भांड्याची किंमत मोडीच्या दराने, निव्वळ वजनावर, होईल असे कळले. व्यवहार म्हणून ते यथायोग्यच होते. परंतु आईने दिलेले तांब्याचे घंगाळ तराजूत घालण्यास सौ.चा हात धजेना.

ते घंगाळ पुढे गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीतील एका बाईंनी घेतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेच्या लोंढ्याने नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या, त्या दिवशी त्यांच्या घरातील एकूण एक भांडे वाहून गेले होते, आणि तेव्हापासून, जसा पैसा साठेल तसा, त्या संसार पुन्हा उभा करीत होत्या. काठावरील आईच्या नावावरून त्यांनी बोट फिरविले. नाव कासाराकडून घासून देऊ काय, असे मी विचारताच त्या म्हणाल्या, “नको, राहू द्या. आमच्या भांड्यांवरची नावं पाण्यानं नेली; घरात कुणाचं तरी नाव असू दे.” दादा, मी ठरविलेल्या किमतीतील निम्मी रक्कम तत्काळ कमी केली, आणि या संपूर्ण विक्रीत माझ्या मनास समाधान देणारा व्यवहार तो एकच झाला.

पुणे सोडण्यापूर्वी श्री. दिनकर केळकर यांचा संग्रह मुद्दाम पाहून घेतला. दिवे, अडकित्ते, दौती, पायाचे तळवे घासण्याच्या वज्री अशा, एरवी अडगळीत पडणाऱ्या जिनसा त्यांनी एवढ्या निष्ठेने जमविल्या आहेत, की आपल्या पूर्वजांचा नित्याचा दिनक्रम तेथे डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि या अवघ्या संग्रहास त्यांनी बाळपणीच निवर्तलेल्या आपल्या राजा नामक पुत्राचे नाव दिले आहे.

येथील यमाई देवीच्या डोंगराच्या चढणीवर औंध संस्थानचे राजे कै. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली बांधलेले वस्तुसंग्रहालय आज पाहिले. पंत स्वतः चित्रकार. संस्थान लहान व उत्पन्न बेताचे असतानाही त्यांनी रविवर्म्याची चित्रे मिळविली, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेली मायलेकरांची एक लहानशी पाषाणमूर्तीही या आडगावात आणून ठेविली. ज्या देशी आम्ही चाललो आहो तेथील एका कलावंताची कृती यमाईच्या डोंगरावर सुखाने राहत असलेली पाहून सौ.ला फार धीर आला, व खरे सांगावयाचे तर मलाही आला. पंत म्हणजे तोच राजा, ज्याने १९३९ साली आपण होऊन सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. महाराष्ट्राने त्याचे स्मरण याहून अधिक ठेवावयास हवे होते.

*

कोल्हापूर
१० एप्रिल

ती. दादांस सा. न. वि. वि.

जागा थोडी म्हणून संक्षेपाने लिहितो. अंबाबाईचे दर्शन झाले, सौ.ने ओटी भरली. काल पन्हाळगड पाहिला. अंबरखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या तीन प्रचंड कोठारांत बाळ हरखून हिंडला, व तीन दरवाज्याखाली उभा राहून शिवाजीमहाराज विशाळगडाकडे कोणत्या बाजूने उतरले, हे त्याने मला दहादा विचारले. उद्या एस्. टी.ने मलकापूर व आंबा घाटावरून रत्नागिरीस उतरावयाचे. १६६० च्या आषाढात बाजीप्रभूंनी जेथे देह ठेविला ती खिंड त्याच मुलखात आहे, हे कळल्यापासून त्याला झोप नाही. इंग्लंडातील शाळेत त्याला हे कोणी सांगणार नाही. यास्तव आताच सांगून व दाखवून ठेवीत आहे.

*

रत्नागिरी
१६ एप्रिल

तीर्थस्वरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

घाट उतरताच हवा बदलली, माती तांबडी झाली, आणि चिऱ्यांच्या गडग्यांआड आंब्याची कलमे दिसू लागली. टिळकांचे जन्मस्थान, व सावरकर येथे स्थानबद्ध असता १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर ही दोन्ही भक्तिभावाने पाहिली. परंतु आज लिहावयाचे आहे ते ब्रह्मदेशाच्या थिबा राजाविषयी.

१८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेऊन त्याला पदच्युत केले व मद्रासमार्गे पुढील वर्षी या गावी आणून ठेविले. पुढे त्याच्यासाठी सरकारने येथे एक राजवाडा बांधविला. १९१० साली तो त्यात राहावयास गेला, आणि १९१६ साली येथेच वारला. इमारत जांभ्या दगडाची, वरती अर्धवर्तुळाकार खिडक्या, समोर भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र. मंडालेस समुद्र नाही. तीस वर्षे हा मनुष्य परमुलखात राहिला, तनखा खर्चास पुरेना म्हणून बरोबर आणलेली रत्ने त्याने हळूहळू विकली, आणि ज्यांची किंमत राजघराण्यातच कळावयाची ते जिन्नस सराफांच्या हाती गेले. त्याची राणी १९१९ साली मायदेशी परतू शकली. थोरल्या राजकन्येने मात्र येथल्याच मनुष्यावर जीव जडविला व ती अखेरपर्यंत रत्नागिरीचीच होऊन राहिली. दिल्लीचा बहादूरशहा रंगूनला व ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीस, अशी ही अदलाबदल ज्या सत्तेने केली, तिच्याच राजधानीत मी मुलांना भूगोल शिकवावयास चाललो आहे.

सामान विकण्याच्या दिवसांत मी स्वतःस निर्वासित समजू लागलो होतो, ही गोष्ट आपणांपासून लपविण्याचे कारण नाही. परंतु राजवाड्याच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर ध्यानी आले, की ज्याला परत येण्याची मोकळीक आहे, ज्याने आपल्या वस्तू आपण होऊन व आपण ठरविलेल्या किमतीस विकल्या, आणि ज्याच्या खिशात श्रमखात्याचा रीतसर परवाना आहे, त्याने आपल्या दुःखास थिबाच्या दुःखाचे नाव देणे अनुचित होय. १९६२ च्या कायद्यानंतर असा परवाना मिळविण्यासाठी पंजाबातील व गुजराथेतील किती कुटुंबे कचेऱ्यांच्या खेपा घालीत आहेत! आम्हांस तो मिळाला. सौ.शी हे बोललो; ती एवढेच म्हणाली, की मग आता पत्रांतून रडगाणे नको.

*

मुंबई
२२ एप्रिल

तीर्थस्वरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

रत्नागिरीस आगबोट दूर पाण्यात उभी राहते व उतारूंस पडावातून तिजपर्यंत जावे लागते. त्या हेलकाव्यात आंब्याच्या करंड्या, कोंबड्या, तान्ही मुले व चाकरमान्यांच्या वळकट्या वर चढविण्याची जी गर्दी उसळते, तीत प्रत्येक मनुष्य दुसऱ्याच्या मुलास हात देतो, हे मी डोळ्यांनी पाहिले. रात्रभर डेकवर पथारी टाकून होतो. एका म्हाताऱ्या खलाशाने बाळाला अंधारात किनाऱ्यावरील दीपगृहे एकामागून एक नावानिशी दाखविली; लंडनची बोट याहून कितीतरी मोठी, पण तिच्यावर एवढी आपुलकी मिळेल असे मला वाटत नाही. पहाटे भाऊच्या धक्क्यावर उतरलो.

येथे आल्यावर प्राप्तिकर भरल्याचा दाखला, रिझर्व्ह बँकेची परवानगी व देवीच्या टोचणीचे प्रमाणपत्र हे सर्व दस्तऐवज रुजू झाले. परवा, शुक्रवारी, बॅलार्ड पिअरवरून बोट सुटेल. निरोप देण्यास आपण मुंबईपर्यंत येण्याची दगदग करू नये, ही हात जोडून विनंती; सौ. आईस प्रवास झेपणार नाही.

एक काम मात्र आपणांवर सोपवितो. आमचा रेडिओ ज्या गृहस्थांनी घेतला, त्यांच्याकडून साठ रुपये येणे आहेत. रेडिओचा परवाना पोस्टात त्यांच्या नावे करून दिला असून ते मेअखेर आपल्या पत्त्यावर मनिऑर्डर करतील. ती रक्कम घरखर्चास न लावता पुतण्याच्या हाती द्यावी. तोही इंजिनिअर होऊन परदेशी जाण्याच्या गोष्टी करीत असतो, आणि त्याने खुशाल जावे. परंतु नाशकाहून वेरूळ एवढे जवळ असता त्याने कैलास लेणे अद्याप पाहिलेले नाही. या सुट्टीत त्याला तेथे पाठवावे, व पाहून आल्यावर काय पाहिले ते त्याने स्वतःच्या हाताने मला लंडनच्या पत्त्यावर लिहावे.