'चालेल' हे उत्तर नव्हे!

पंचवटीत आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी, लोखंडी कपाटात, एक जुना लॅपटॉप आहे. २ मार्च १९३० रोजी याच पंचवटीत काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या आठवणी आईवडिलांच्या तोंडून ऐकलेली जी वृद्ध माणसे उरली आहेत, त्यांच्या मुलाखती आम्ही गेली काही वर्षे रेकॉर्ड करत आहोत. त्या सगळ्या या लॅपटॉपमध्ये आहेत. त्यांतले दोघे आज हयात नाहीत.

लॅपटॉपची ५०० जीबीची हार्ड डिस्क भरली आणि टकटक आवाज करू लागली. आम्ही वर्गणी काढली. रोजंदारीवर जाणाऱ्या ताईंनीही शंभर-शंभर रुपये दिले. दुकानात गेलो, एसएसडी मागितली. दुकानदाराने एम.२ प्रकारचे कार्ड पुढे ठेवले. 'आमच्या लॅपटॉपला चालेल का?' 'चालेल.' त्याने मॉडेल नंबर विचारला नाही, आम्हीही सांगितला नाही.

घरी कार्ड खाचेत बसले, स्क्रूही लागला. पण बायोसमध्ये डिस्क दिसेना. रात्री कंपनीचे मॅन्युअल वाचले तेव्हा उलगडा झाला. आमच्या लॅपटॉपची एम.२ खाच फक्त साटा पद्धतीची डिस्क ओळखते, आम्ही आणली होती एनव्हीएमई. दिसायला दोन्ही सारख्या, पण लॅपटॉपशी बोलण्याची दोघींची रीत वेगळी. पाकीट फोडलेले, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत.

कुणी म्हणेल, दोष दुकानदाराचा. आम्ही म्हणतो, आधी आमचा! प्रत्येक शिबिरात आम्ही कालाम सुत्त सांगतो : ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा. आणि काउंटरपलीकडच्या माणसाने एक शब्द उच्चारताच आम्ही ताईंचे पैसे काढून दिले. मग शिबिरात सांगितलेले आमच्या अंगी किती उतरले?

म्हणून डिस्क घेण्याआधी एवढे तपासाच. लॅपटॉपच्या तळाशी मॉडेल नंबर असतो. त्यावरून कंपनीचे मॅन्युअल शोधा. आतली डिस्क अडीच इंची आहे की एम.२, ते पाहा. अडीच इंची असेल तर जाडी मोजा : ७ मिमीची डिस्क ९.५ मिमीच्या जागेत बसते, उलट बसत नाही. एम.२ असेल तर साटा की एनव्हीएमई, आणि लांबी किती, हे पाहा. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, त्यासाठी जीपीटी लागते. आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा.

'एका डिस्कसाठी एवढा खटाटोप कशाला?' असे काही तरुण विचारतात. त्यांनी आपलाच इतिहास पाहावा. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली आला १९७९ साली. मधली २३ वर्षे त्यांची कितीतरी अप्रकाशित हस्तलिखिते पेट्यांत पडून होती. ज्यांनी ती जपली, त्यांच्यामुळे आज आपण ती वाचतो. बाबासाहेबांच्या कागदांची ही गत, तर आमच्या आजीच्या आवाजाची काळजी दुसरे कोण घेणार?

आम्ही पुन्हा वर्गणी काढली. या वेळी आधी ताईंना झालेली चूक सांगितली, मगच पैसे मागितले. जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी ७ मिमीची, अडीच इंची, साटा पद्धतीची १ टीबी एसएसडी आणली. मॅन्युअलचे पान मोबाइलवर उघडून दुकानात गेलो होतो. यूएसबी केबलने जोडून जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवली. त्या रात्री पहिली मुलाखत लावली, सगळी ऐकली. आता एक प्रत पंचवटीत आहे, दुसरी गोदावरीच्या पलीकडे, दुसऱ्या कार्यकर्त्याच्या घरी.

तुमच्या वस्तीतल्या मुलाखती, फोटो, गाणी कुठे आहेत? ती डिस्क शेवटची कधी तपासली? आजच तपासा.

जय भीम!