संघ कोणता निवडावा ?

आपल्या शाळेच्या मैदानावर आम्ही खेळत होतों, तेव्हां संघ निवडण्याचा प्रश्न आम्हांस कधींच पडला नाहीं. घंटा झाली कीं दप्तरें निंबाखालीं टाकावीं, दोघां थोरल्या मुलांनीं आळीपाळीनें गडी वांटून घ्यावे, आणि अंधार पडेपर्यंत खेळावें, असा तो क्रम होता. त्यास पैसा लागत नसे, व वडील माणसें तिकडे फिरकतही नसत. पुढें उद्योगानिमित्त आम्ही अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत स्थायिक झालों. तेथें आमच्या चिरंजीवास बेसबॉलचा नाद लागला, आणि हाच साधा प्रश्न आमच्या घरांत कित्येक रात्रीं चर्चिला गेला. ती हकीकत विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या कांहीं उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहों.

तिकडे मुलांचा हा खेळ दोन परींचा असतो. १९३९ सालीं पेनसिल्व्हेनियांतील विल्यम्सपोर्ट गांवीं ‘लिटल लीग’ निघाली. तिच्या धर्तीवर गांवोगांवीं मुलांचे संघ चालतात, व त्यांत परिसरांतील मुलांस जागा मिळते. हा एक प्रकार. दुसरा प्रकार फिरत्या संघांचा. हे संघ परीक्षा घेऊन गडी निवडतात, वर्षाची भारी वर्गणी घेतात, व शनिवार-रविवारीं दूरदूरच्या गांवीं सामन्यांस जातात. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला म्हणजे मैदानही बदलतें. लहानांच्या मैदानांत एका ठाण्यापासून दुसरें ठाणें ६० फुटांवर असतें, व पिचरास ४६ फुटांवरून चेंडू फेंकावा लागतो. मोठ्यांच्या मैदानांत हींच अंतरें ९० फूट व ६० फूट ६ इंच होतात. वाढत्या वयाच्या खांद्यावर व कोपरावर हा नवा भार पडतो.

चिरंजीव तेरा वर्षांचा असतां दोन फिरत्या संघांनीं त्यास बोलाविलें. एकाचें नांव मोठें, पोशाख झगझगीत, व कपाटांत चषकांची रांग. दुसरा संघ लहान. त्याचा शिक्षक एका शाळेंत इतिहास शिकवी, व खिशांत एक वही बाळगी. आमच्या सौभाग्यवतीचें मत दुसऱ्या संघाकडे होतें. परंतु खरें सांगावयाचें तर, आप्तेष्टांस पत्र लिहितांना कोणतें नांव शोभेल, याचाच विचार आम्हीं अधिक केला, आणि पहिल्या संघाची वर्गणी भरली. मुलास विचारावें, हें आमच्या मनांतही आलें नाहीं.

त्या वर्षीं आम्हीं शेंकडों मैल मोटार हांकली, व चिरंजीव बहुतेक सामने बांकावर बसून पाहिले. मग एका शनिवारीं संघाचे दोन पिचर आले नाहींत. त्या दिवशीं त्यास दोन सामन्यांत चेंडू फेंकावयास लाविलें, आणि रविवारीं पुन्हां तिसऱ्यांत. त्यानें किती चेंडू फेंकले, याची मोजदाद कोणीं ठेविली नाहीं, आम्हींही नाहीं. आम्ही टाळ्या वाजवीत होतों.

पुढच्या आठवड्यांत तो डाव्या हातानें केंस विंचरीत असल्याचें त्याच्या आईच्या दृष्टीस पडलें. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, कोपराच्या आंतील बाजूस जेथें हाड अजून वाढत आहे, तेथील कोंवळी कूर्चा अतिश्रमानें दुखावली आहे. कित्येक आठवडे चेंडू हातीं धरावयाचा नाहीं. २०१४ सालीं तिकडील व्यावसायिक बेसबॉलच्या मंडळानें मुलांसाठीं नियम सुचविले आहेत, ते त्यांनींच आम्हांस दाखविले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानें एका दिवसांत ९५ हून अधिक चेंडू टाकूं नयेत, आणि ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विसांवा घ्यावा, असें त्यांत होतें. हे नियम कोणासही सहज वाचतां येण्याजोगे होते. आम्हीं ते वाचले नव्हते.

घरीं येतांना आम्हीं त्यास विचारलें, “दुखत होतें, तर सांगितलें कां नाहींस ?” बराच वेळ तो मोटारीच्या खिडकींतून बाहेर पाहत होता. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही एवढे पैसे भरले होते.”

या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. संघ चुकला, हें खरें. परंतु संघाहून आमचें मोजमाप अधिक चुकलें होतें. मुलाच्या मनावर आपण काय ओझें ठेविलें, हें आम्हांस त्याच्या कोपरानें सांगावें लागलें.

हात बरा झाल्यावर आम्ही दुसऱ्या संघाकडे गेलों. या वेळीं आम्हीं प्रश्न लिहून नेले होते: संघांत गडी किती ? प्रत्येकास खेळावयास मिळतें काय ? चेंडू कोण मोजतो ? वर्षांतून किती महिने हातास पुरा विसांवा ? घराबाहेर किती रात्री ? वर्गणीखेरीज खर्च कोणता ? शिक्षकानें सर्वांचीं उत्तरें शांतपणें दिलीं, व खिशांतील ती वही उघडून दाखविली. तींत प्रत्येक मुलाच्या नांवापुढें चेंडूंचे आंकडे होते. अखेरीस ते म्हणाले, “आतां तुमच्या मुलास कांहीं विचारावयाचें आहे काय ?” चिरंजीवानें एकच प्रश्न केला : “हात दुखला असें सांगितलें, तर पुढच्या सामन्यांत घ्याल ना ?” शिक्षकांनीं होय म्हटलें. निवड तेथेंच झाली.

त्या संघानें त्या वर्षीं एकही चषक जिंकला नाहीं. एका सामन्यांत चिरंजीव उत्तम फेंकीत असतां शिक्षकांनीं वही पाहिली व त्यास बाहेर बोलाविलें. पूर्वीं अशा वेळीं तो प्रथम आमच्या चेहऱ्याकडे पाही. त्या दिवशीं त्यानें पाहिलें नाहीं. सोबत्याच्या हातीं चेंडू दिला, आणि बांकावर बसून मित्रांशीं हंसत बोलूं लागला.

विद्यार्थिमित्रहो, तुमचा खेळ क्रिकेट असो वा कबड्डी, दुखेल तेव्हां तें घरीं सांगण्यास लाजूं नका. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, वर्गणी भरण्यापूर्वीं मुलास एकदां विचारावें, व तो उत्तर देईपर्यंत थांबावें.