यंत्र चालू आहे

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी १८ व्या शतकात बांधविला. पावसाळा सरून गंगा ओसरली, की येथील घाटांवर साचलेला गाळ दरवर्षी पाण्याच्या झोताने धुऊन काढावा लागतो. ते काम पाहत पायऱ्यांवर बसलो असता मला एक जुनी फाईल आठवली.

एका प्रयोगशाळेने क्ष-किरण वर्णपट मोजणाऱ्या आपल्या जुन्या केंद्राच्या नूतनीकरणासाठी निधी मागितला होता. 'यंत्र चालू आहे' एवढाच शेरा लिहून मी प्रस्ताव परत पाठविला. तो पुन्हा आला नाही.

पुढे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन पाहण्याचा योग आला. १७२.५ मीटर परिघाच्या त्या वलयातून क्ष-किरण अनेक केंद्रांकडे जातात. अशा केंद्रात सिलिकॉनचे स्फटिक किरणांतली नेमकी ऊर्जा निवडतात आणि संवेदक नमुन्याचा प्रतिसाद टिपतो. स्फटिक फिरविणारी यंत्रणा झिजली, की ऊर्जा किंचित ढळते; संवेदक जुना झाला, की विरळ मूलद्रव्याचा क्षीण संकेत गोंगाटात बुडतो. यंत्र चालूच दिसते. उत्तर मात्र विश्वासार्ह राहत नाही.

माझा शेरा खरा होता, पण अपुरा होता. घाटावरचा गाळ डोळ्यांना दिसतो, यंत्रातला दिसत नाही. तेव्हापासून अशा फाईलवर मी एकच प्रश्न लिहितो : शेवटचे अंशांकन केव्हा झाले?