विचारायचे राहून गेले

घरातले पोर एकदा डॉक्टरीला लागले, की त्याचे नाव पुसले जाते. आमच्या पुतणीचे तेच झाले. प्रवेशाची यादी लागली त्या संध्याकाळपासून ती साऱ्या गल्लीची ‘डॉक्टरीणबाई’ झाली. शेजारच्या आजी गुडघा दाखवायला आल्या. आणि मी, उभा जन्म मुलांना मार्क देण्यात घालवलेला मास्तर, भेटेल त्याला तिचे मार्क सांगत सुटलो. २०२४ साली जालन्यातच शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पण तिचा नंबर आदल्याच वर्षी दूरच्या गावी लागला होता.

त्या २०२४च्या दिवाळीला ती घरी आली. आल्या आल्या मी विचारले, ‘काय डॉक्टरीणबाई, निकाल काय म्हणतो?’ ती नुसती हसली. चकली पुढे केली, तर ‘नंतर खाईन’ म्हणाली. अभ्यासाने थकली असेल, असे म्हणून मी वर्तमानपत्र उघडले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तिच्या आईने तिला पाटावर बसवून तेल लावले, उटणे चोळले. आंघोळी झाल्या, फराळाची ताटे मांडली. डॉक्टरीणबाईंचा पत्ता नाही. मी मागल्या दारी गेलो. अंधारात नळाखाली ती हात धूत होती. धुवायची, नाकाशी न्यायची, पुन्हा धुवायची.

‘काय गं, उटणं निघत नाही का?’

‘वास जात नाही, काका.’

‘कसला?’

‘फॉर्मालिनचा. प्रेतं ठेवतात त्या हॉलमधला. ते वर्ष संपलं, तरी जेवायला बसलं की येतो.’

मग एकेक बाहेर पडले. शरीररचनेच्या विषयात ती नापास झाली होती आणि ते तिने कोणालाच सांगितले नव्हते. रात्र रात्र झोप नव्हती. सकाळी अंथरुणातून उठायचे म्हणजे स्वतःशी भांडण. शेवटी खाली मान घालून म्हणाली, ‘कधी कधी वाटतं, उद्या उजाडूच नये.’

माझ्या ओठांवर उपदेश आलाच होता. मनाला उपदेश करण्याची आमच्या मुलखाला जुनी सवय आहे. मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिणारे समर्थ आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे. पण तिचे भिजून सुरकुतलेले हात पाहिले आणि माझी जीभ उचलेना. निकाल विचारायला मला क्षणही लागला नव्हता. ‘तू कशी आहेस?’ हे मात्र वर्षभरात एकदाही विचारले नव्हते!

तिच्या आईला तिच्याजवळ बसवून मी बागेत गेलो. तिला खरी धास्ती होती ती बापाची. माझा धाकटा भाऊ मोसंबीवाला, अबोल माणूस. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागा जळत होत्या, तेव्हा टँकरचे पाणी घालून त्याने निम्मी झाडे जगवली होती. त्याच्यापुढे हे मांडावे कसे? ‘पोरीला ताण फार झालाय रे,’ एवढेच म्हणालो.

ताण हा शब्द मोसंबीवाल्याला कोणी शिकवायला नको. बहार धरायचा तर बागेचे पाणी तोडतात. झाडाला उपास घडला की ते फुलते. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस, भारी जमिनीत अधिक. पाने पिवळी होऊन गळू लागली, की ताण पुरा झाला समजायचे. तेथे चुकला तो झाडच गमावून बसतो. भावाने हातातला विळा खाली ठेवला.

‘पानं गळत होती, अन् आपण बहार मोजत बसलो, दादा.’

त्याच दुपारी, पूजेचे सामान तसेच टाकून, तो तिला मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेला.

मग मी मास्तरच्या जातीने वाचू लागलो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली देशभरातल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या मनाचे हाल विचारले होते. एमबीबीएसच्या २५,५९० मुलामुलींनी उत्तरे दिली, त्यांतल्या २७.८ टक्क्यांनी सांगितले, की आपल्याला मनाच्या आजाराचे निदान झालेले आहे. म्हणजे चारांत एकाहून अधिक! निवासी डॉक्टरांना आठवड्यात ७४ तासांहून अधिक काम देऊ नये, अशी शिफारस त्याच कृतिदलाने केली. चौऱ्याहत्तर तास ही सवलत ठरावी, यातच सारे आले. दुसऱ्याचे दुखणे हुडकायला शिकणारी ही मुले आपले दुखणे मात्र लपवतात. डॉक्टरच आजारी, असे लोक म्हणतील ना! सरकारने २०२२ साली ‘टेलिमानस’ सुरू केले आहे; १४४१६ या क्रमांकावर कोणालाही, केव्हाही, फुकट बोलता येते. तो आकडा आता आमच्या दिनदर्शिकेवर लिहिलेला आहे.

पुतणीने औषध घेतले, डॉक्टरांशी बोलत राहिली, हळूहळू झोपू लागली. राहिलेला विषय दुसऱ्या खेपेस सुटला. वाईट दिवस अजूनही येतात. फरक एवढाच, की आता ती तसे सांगते. घरात तिला कोणी डॉक्टरीणबाई म्हणत नाही. तिला तिचे नाव परत मिळाले आहे.

ताण तोडताना बागेला पहिले पाणी हलके द्यायचे असते. एकदम पाट सोडायचा नसतो. रोज रात्री भाऊ तिला फोन करतो. अभ्यासाचे विचारत नाही. एकच विचारतो, ‘पाणी मिळतंय ना, बाई?’

पलीकडून काय उत्तर येते, ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कळते. काही रात्री तो लगेच जेवायला बसतो. काही रात्री फोन बराच वेळ चालतो, आणि मग आम्ही सगळेच जेवायचे थांबतो.